पलीकडची प्रत

१

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तिजोरी उघडली, साहेबांच्या पुढ्यात लखोटा ठेवला, साहेबांनी लाख फोडली आणि आतून कोरा कागद निघाला.

दोन्ही बाजूंनी कोरा. साहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला, लखोट्यात बोटं घालून पाहिली. मग ते माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मागच्या वर्षी साहेबांचं चरित्र निघालं. जाडजूड आहे, फोटोही छान आलेत. या दिवसावर त्यात अडीच ओळी आहेत. ‘काही किरकोळ कार्यालयीन अडचणींनंतर करार अमलात आला.’ किरकोळ! लिहिणारा भेटला असता तर विचारलं असतं, बाबा रे, चौदा माणसांचा जीव टांगणीला लागला होता, त्यातलं किरकोळ नेमकं कोणतं? पण माझ्याकडे कुणी आलंच नाही. वकिलातीत दप्तर सांभाळणारी बाई, तिला काय विचारायचं! म्हणून आता मीच लिहायला बसले आहे.

त्या देशात तेव्हा यादवी पेटली होती. नदीच्या अलीकडे सरकार, पलीकडे बंडखोर. पलीकडच्या काठावर आपल्या लोकांनी चालवलेलं एक लहानसं रुग्णालय होतं, तिथली आपली माणसं बंडखोरांच्या कमांडरने सात आठवडे डांबून ठेवली होती. दोन्ही काठांवरून गोळीबार चालू असताना साहेब पांढरं निशाण लावलेल्या गाडीतून पलीकडे गेले, दोन दिवस कमांडरशी घासाघीस केली आणि सही घेऊन आले. बरोबर दोघंच, दुभाषीबाई आणि गाडी चालवणारे मामा. परतताना कुठून तरी गोळी आली आणि साहेबांच्या खांद्याला चाटून गेली. ही झाली कालची हकिकत.

आज दुपारी बाराला पुलाच्या मधोमध दोन्ही बाजूंच्या प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या, ताडून बघायच्या आणि माणसं सोडायची, असं ठरलं होतं. बाराला आपली प्रत हजर नसली तर करार रद्द. पूल पाऊण तासावर. म्हणजे अकराला गाडी हलायलाच हवी होती.

असे करार दोन प्रतींत होतात. मजकूर एकच, तोही तिसऱ्याच भाषेत, म्हणजे निदान भाषेवरून तंटा नको. फरक एवढाच, की आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीत आपलं नाव आणि आपली सही आधी, त्यांच्याकडे राहणाऱ्या प्रतीत त्यांची आधी. लग्नपत्रिकेसारखंच. मुलीकडच्यांच्या पत्रिकेत मुलीचं नाव आधी, मुलाकडच्यांच्या पत्रिकेत मुलाचं, आणि दोन्हीकडचे व्याही खूश. आमच्या कामात हा नियम कुणी मोडत नाही. यावरून मोठमोठ्या बैठका उधळल्या गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

“काकू,” साहेब हळूच म्हणाले, “करार मी स्वतःच्या हातांनी आत घातला होता.”

तेवढ्यात दारातून आवाज आला. “कुणी घेतला ते मी सांगू?”

२

दारात उपप्रमुख उभे होते. आम्ही पाठीमागे त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो. विजारीची घडी इतकी धारदार, की त्यावर भाजी चिरावी.

“दुभाषीबाई,” ते म्हणाले. “जन्म पलीकडच्या काठावरचा. काल तीन तास गाडीत तुमच्या शेजारी. दुसरं कोण असणार? मी त्यांना खोलीत बसवून बाहेर पहारा लावतो. आणि स्थानिक पोलिसांना फोन करतो.”

साहेब ताडकन उठले आणि खांदा धरून परत बसले. इथल्या पोलिसांच्या हाती पलीकडची बाई देणं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“फोन करायचा नाही,” साहेब म्हणाले.

“मग पुलावर काय दाखवणार? हा कोरा कागद?”

साहेबांनी कोरा कागद बाजूला सारला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काकू, अकरा वर्षांत तुमची एक फाइल हरवलेली नाही. साडेदहापर्यंत वेळ आहे. शोधा.”

“आणि नाही सापडलं तर?” इस्त्रीसाहेबांनी विचारलं.

“तर तुम्ही फोन करा,” साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा कागदापेक्षा पांढरा पडला.

मी फोडलेली लाख उचलून खिडकीशी नेली. वरचा ठसा शाबूत होता, साहेबांच्याच प्रवासातल्या शिक्क्याचा. पण तळाशी लाखेचे दोन थर दिसत होते. पातळ पातं गरम करून कुणीतरी ठसा अलगद उचलला होता आणि पुन्हा तिथेच चिकटवला होता. पातं म्हणाल तर मामांकडे दाढीचं, इस्त्रीसाहेबांकडे पत्रं फोडायचं, वकिलातीच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेचं, आणि माझ्या टेबलावर तीन. त्यावरून चोर धरायचा तर आधी मलाच धरावं लागलं असतं.

मात्र एक गोष्ट पक्की होती. काल संध्याकाळी सहाला लखोटा माझ्या तिजोरीत गेला आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. साहेब परतले होते पाचला, म्हणजे जे घडलं ते पाच ते सहाच्या आत. त्या तासाभरात लखोटा साहेबांच्या कोटाच्या खिशात होता आणि कोट होता लोकांच्या हातांत.

लोक चारच. मामा, डॉक्टर, इस्त्रीसाहेब आणि दुभाषीबाई.

३

मामा गाडीला फडकं मारत होते. मागच्या काचेत गोळीचं भोक होतं, त्याच्याभोवतीची काच ते अगदी हळुवारपणे पुसत होते.

“काकू, मी कोट काढला आणि हातावर टाकला, बस्स,” ते म्हणाले. “साहेबांना आम्ही आवारातल्या डॉक्टरांच्या खोलीत नेलं. कोट खुंटीला लावला नि मी बाहेर. आत उभं राहवत नव्हतं हो. स्टोव्हवर पाणी नुसतं खदखदत होतं, माझा चष्मा वाफेनं पार आंधळा झाला.”

“लखोटा पाहिलात?”

“गाडी हाकणारानं रस्ता बघावा. मागं काय चाललंय ते बघू नये.” एवढं बोलून मामा स्वतःशीच हसले. ते हसू मी मनात टिपून ठेवलं.

इस्त्रीसाहेबांना प्रश्न विचारणं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं. पण त्यांनी सरळ उत्तरं दिली, हे मान्य करायला हवं.

“पावणेसहाला डॉक्टरांच्या खोलीतून कोट मी घेतला. वाटेत माझ्या खोलीत थांबलो. राजधानीचा फोन आला होता, पाच मिनिटं बोललो. मग कोट तुमच्याकडे दिला. काकू, मला साहेबांची खुर्ची हवी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ती चोरून घेणार नाही. चोरीच्या खुर्चीत मला बसता येणार नाही, पाठ दुखेल.”

हा त्यांनी आयुष्यात केलेला पहिला विनोद असावा. मी हसू का नको या विचारात खाली उतरले.

डॉक्टर आपली बॅग भरत होते. पुलावर माणसं ताब्यात घेताना तपासायला तेही जाणार होते. माणूस गोड, पण एक खोड होती. कुणी चूक काढलेली त्यांना चालायची नाही. एकदा थर्मामीटरने त्यांच्या अंदाजापेक्षा कमी ताप दाखवला, तर त्यांनी थर्मामीटरच बदलला होता.

“बसा काकू, बसा. मी टाके घालत होतो, डोकंसुद्धा वर काढलं नाही. लखोटा पांढरा की पिवळा हेही मला ठाऊक नाही.”

“बाई कुठे होत्या?”

“साहेबांचा हात धरून! अजून कुठे असणार?” त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्हाला म्हणून सांगतो. साहेब त्या बाईच्या पायी खुळे झालेत. अहो, कागदावरसुद्धा तिच्या माणसांचं नाव आधी आणि आपलं मागून! असल्या कागदासाठी आपण आटापिटा करतोय.”

मी मनात म्हटलं, घ्या, डॉक्टरांना आमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही. आपल्या प्रतीत त्यांचं नाव आधी कसं येईल? एरवी मी त्यांना नियम नीट समजावून सांगितला असता, पण घड्याळात पावणेदहा झाले होते आणि थर्मामीटरची गोष्ट मला आठवत होती. मी नुसती मान हलवली आणि वर निघाले.

४

दुभाषीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बत्तीस-तेहतीसच्या असतील. आपली भाषा त्या आपल्यापेक्षा नीट बोलायच्या, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा.

“तुम्हालाही मीच वाटते का, काकू?”

“मला काय वाटतं त्याला आता किंमत नाही. काल काय झालं ते सांगा.”

त्यांनी सांगितलं. साहेबांना गुंगीचं औषध दिलं होतं. गुंगीत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, “चौदावीसुद्धा मिळाली. मोठ्या सिस्टर पण येणार.” कारण कमांडर आधी तेराच माणसं कबूल करत होता. रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर आपल्याकडे नाहीतच, असं म्हणत होता. शेवटच्या दिवशी साहेब अडून बसले आणि चौदावं नाव घातलं गेलं. ही गोष्ट वकिलातीत अजून कुणालाच माहीत नव्हती.

“डॉक्टर काय म्हणाले ऐकून?”

“काही नाही. मला म्हणाले, स्वयंपाकघरातून गरम पाणी घेऊन या. मी गेले. दहा-बारा मिनिटं लागली, चूल विझली होती.”

मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता थांबले. काहीतरी टोचलं, पण काय ते हाती लागेना.

“बाई, साहेबांनी लखोटा बंद केला तेव्हा तुम्ही शेजारी होतात. कागद पाहिलात ना?”

“हो.”

“तोच होता ना? आपलीच प्रत?”

बाईंची नजर माझ्यावरून सरकून भिंतीवर गेली, तिथून खाली आली आणि पायाशी थांबली. इतका वेळ ताठ असलेली मान पहिल्यांदा झुकली.

“हे मी साहेबांना विचारल्याशिवाय सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला पोलिसांकडे दिलं तरी.”

५

मला खरंच संताप आला. इथे एकेक मिनिट सोन्याचं आणि ही मंडळी गुपितं कुरवाळत बसलेली! मी साहेबांच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

“साहेब, मी आता जरा उद्धटपणे बोलणार आहे. तुमचं आणि बाईंचं काय आहे ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे. आठवड्यापूर्वी रवाना झालेली पत्रं तुम्ही त्यांच्याकडून परत भाषांतर करून घेता. दप्तर सांभाळणाऱ्या बाईपासून काय लपणार?”

साहेबांचे कान लाल झाले. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, गोळीबारातून जाऊन आलेला, माझ्यासमोर शाळेतल्या मुलासारखा बसला होता. आमच्याकडे नियम कडक. स्थानिक नोकरदाराशी लग्न करायचं तर आधी राजीनामा.

“काल काय झालं?” मी विचारलं. “कागदाचं. खरं सांगा. नाही तर ते फोन करतील आणि त्या पोलिसांच्या गाडीत बसतील.”

साहेबांनी डोळे मिटले. “काकू, सह्या झाल्या. टेबलावर दोन्ही प्रती होत्या. कमांडर उभा राहिला, मी उभा राहिलो. दोन दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आपण जिवंत परत जाणार. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि आम्ही दोघांनी…” ते थांबले. “तिनं हाताला लागली ती प्रत मला दिली आणि मी न बघता खिशात घातली.”

“म्हणजे?”

“गाडीत बसल्यावर उघडली तेव्हा कळलं. मी त्यांची प्रत घेऊन आलो. त्यांचं नाव आधी असलेली. आपली प्रत तिकडे राहिली. परत जाणं म्हणजे मरण. म्हणून मी तिथेच मेणबत्तीवर लाख वितळवून लखोटा बंद केला. वीस वर्षांच्या नोकरीत असली चूक शिकाऊ कारकुनानंही केली नसती.”

मी मटकन खुर्चीत बसले.

“हे कुणाला माहीत आहे?”

“तिला आणि मला. मामांच्या आणि आमच्या मध्ये काच होती. गोळी त्यानंतर सुटली.”

मी उठले. डॉक्टरांना आमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, असं मी अर्ध्या तासापूर्वी म्हटलं होतं. कळत नव्हतंच. म्हणून तर त्यांनी जे पाहिलं ते तसंच्या तसं बोलून टाकलं.

“सगळ्यांना बोलवा साहेब,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता. आणि मी विचारीन तेवढंच बोला.”

६

दहा वाजून वीस मिनिटांनी सगळे साहेबांच्या खोलीत जमले. बाई दाराशी, त्यांच्या मागे पहारेकरी. मामा टोपी हातात धरून. डॉक्टर बॅग घेऊनच आले होते. मी टाइपरायटर समोर ओढला आणि कागद चढवला.

“कागद काही सापडला नाही,” मी म्हटलं. “तेव्हा मी नकली प्रत तयार करते. मला फक्त एक सांगा. कुणाचं नाव आधी घालू?”

“हा काय प्रश्न झाला?” इस्त्रीसाहेब उखडले. “आपली प्रत, आपलं नाव आधी.”

“पण डॉक्टर सकाळी उलट म्हणाले.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. “मी असंच बोललो. मला त्यातलं काय कळतंय?”

“तेच!” इस्त्रीसाहेब म्हणाले. “काकू, तुम्हीसुद्धा कमाल करता. करारात कुणाचं नाव कुठे येतं हे डॉक्टरांना विचारायचं? उद्या मला गालगुंडावर औषध विचाराल. डॉक्टर, तुमची साफ चूक आहे. असं कधी होतच नाही.”

मी बोटं टाइपरायटरवर तशीच ठेवली. डॉक्टरांची मान लाल होत चालली होती.

“साफ चूक,” इस्त्रीसाहेबांनी पुन्हा म्हटलं. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं, ते माझं केवढं काम करत होते. “शिकाऊ कारकुनालासुद्धा माहीत असतं.”

“चूक?” डॉक्टर गर्रकन वळले. “माझी? तुमचे नियम घाला चुलीत! त्यांचंच नाव आधी होतं आणि त्यांच्याच कमांडरची सही आधी होती. पैज लावता?”

“लावतो!”

“लावू नका,” साहेब शांतपणे म्हणाले. “डॉक्टर पैज जिंकले.”

पैजेसाठी पुढे केलेला हात इस्त्रीसाहेबांनी मागे घेतला.

“त्यांचंच नाव आधी होतं,” साहेब म्हणाले. “चुकून मी त्यांची प्रत आणली. हे मला माहीत होतं आणि बाईंना. तुम्हाला कसं कळलं, डॉक्टर? तुम्हाला तर लखोटा पांढरा की पिवळा हेही ठाऊक नव्हतं.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“तुम्ही… तुम्ही गुंगीत बडबडलात.”

“गुंगीत साहेब मोठ्या सिस्टरांबद्दल बडबडले,” मी म्हटलं. “तेव्हा बाई तिथेच होत्या. ते ऐकून तुम्ही बाईंना गरम पाण्यासाठी स्वयंपाकघरात पिटाळलंत. मामा, डॉक्टरांच्या स्टोव्हवर तेव्हा काय होतं?”

“पाणीच की हो!” मामा ओरडले. “खदखदत होतं!”

“घरात विहीर असताना बाईंना नदीवर कशाला धाडलंत, डॉक्टर?”

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. मग तेही जमिनीवर बसले, बॅगेशेजारीच.

“ती सिस्टर,” ते पुटपुटले. “रुग्णालयासाठी आलेली औषधं मी पलीकडे विकायचो. तिला कळलं होतं. ती तिकडेच राहिली असती तर… तेरा येणार होते, मला आनंदच होता. तेरा येऊ द्यायचे होते हो मला!”

“मग चौदावीपायी तेरा जणांचा जीव?” बाई पहिल्यांदा बोलल्या. त्यांचा धुतलेला आवाज चिरकला.

“कागद कुठाय?” इस्त्रीसाहेबांनी त्यांची कॉलर धरली.

“जाळला. स्पिरिटच्या दिव्यावर. तिथल्या तिथे.”

घड्याळात दहा एकोणतीस झाले होते. चोर सापडला होता आणि हातात काहीच नव्हतं.

७

डॉक्टरांना त्यांच्याच खोलीत घातलं आणि कुलूप मी स्वतः लावलं. परत आले तर साहेब डोकं धरून बसलेले, बाई रडत होत्या आणि इस्त्रीसाहेब हसत होते.

होय, हसत होते. त्या माणसाचे दात मी अकरा वर्षांत प्रथमच पाहिले.

“साहेब, तुम्ही त्यांची प्रत आणलीत ना? मग कमांडरकडे कोणती आहे?”

“आपली,” साहेब म्हणाले.

“म्हणजे आपलं नाव आधी आणि त्यांचं मागून असलेली! आणि ती तो आज त्यांच्या समितीसमोर पुलावर उघडणार. परक्यांना मोठा मान देऊन आला, असंच ते म्हणणार. याहून कमी कारणासाठी त्यांनी मागच्या कमांडरला गोळी घातली होती. साहेब, तुमची झोप उडाली असेल, पण त्या माणसाला काल अन्न गेलं नसेल. त्याला दुरुस्त प्रत मिळाली तर तो पाय धरेल!”

मी टाळीच वाजवली. जी चूक लपवण्यासाठी दोघं जिवाचा आटापिटा करत होते तीच आमच्या पथ्यावर पडली होती.

“पण मजकूर?” साहेब म्हणाले. “जुना मसुदा आहे, शेवटी खूप बदललं.”

बाईंनी डोळे पुसले. “मला पाठ आहे. स्वल्पविरामासकट. दोन दिवस तेच तर बोलत होते.”

“मग गाडीत बसा,” इस्त्रीसाहेब म्हणाले. मग बाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि कमरेतून वाकले. विजारीची घडी मोडली तरी वाकलेलेच राहिले. “मी चुकलो. माफ करा.”

अकराला पाच कमी असताना गाडी निघाली. डॉक्टरांच्या जागेवर मी, माझ्या मांडीवर टाइपरायटर. मामांनी गाडी अशी हाणली की अक्षरं टाइपरायटरवर कमी आणि माझ्या पोटात जास्त उमटत होती. बाई सांगत होत्या, मी ठोकत होते. पहिली प्रत, आपलं नाव आधी. दुसरी, त्यांचं आधी. तपासणी नाक्यावर बंदुका रोखलेले सैनिक आत डोकावले, तर एक बाई सांगतेय आणि दुसरी घाम गाळत टाइप करतेय. त्यांनी मुकाट्याने वाट सोडली. बाराला सात मिनिटं असताना शेवटचा पूर्णविराम पडला.

पुलाच्या मधोमध एक टेबल मांडलं होतं. पलीकडच्या टोकाला मालमोटारी उभ्या होत्या आणि त्यांच्याशी माणसांची एक ओळ. कमांडर समितीच्या चार पावलं पुढे एकटाच उभा होता. धिप्पाड गडी, पण चेहरा उतरलेला. बाई पुढे गेल्या, त्याच्याशी हलक्या आवाजात काही बोलल्या आणि आमच्या फोल्डरमधली दुसरी प्रत त्याला अर्धवट दाखवली.

त्याने ती वाचली नाही. पहिली ओळ फक्त पाहिली, स्वतःचं नाव आधी आहे एवढं बघितलं आणि असा श्वास सोडला, की मला त्याची दयाच आली. आतल्या खिशातून त्याने घडी पडून चुरगळलेला कागद काढला आणि साहेबांच्या हातात कोंबला. आमची प्रत, काल तिकडे राहिलेली! मग समितीकडे पाठ करून त्याने नव्या दोन्ही कागदांवर भराभर सह्या ठोकल्या.

आता सही साहेबांची. साहेबांनी पेन घेतलं, आणि बाईंकडे पाहिलं.

“साहेब!” मी जोरात म्हटलं आणि कागदावर बोट दाबून धरलं. “इकडे बघा. इकडे. तिकडे नंतर आयुष्यभर बघा.”

बाई लाल झाल्या, साहेबांनी सही केली आणि कुठली प्रत कुणाच्या हातात जाते ते मी स्वतः दोनदा तपासलं.

मग ती माणसं निघाली. मी मोजत होते. एक, दोन, तीन. कुणी लंगडत, कुणी एकमेकांना धरून. सात, आठ. कुणाच्या पायात चपला नव्हत्या. बारा. तेरा. आणि मग थोडं अंतर सोडून, पांढरा गणवेश मळून करडा झालेल्या, मोठ्या सिस्टर. सगळे पुढे जाईपर्यंत त्या मुद्दाम मागे राहिल्या होत्या. अलीकडे पाऊल ठेवल्यावर त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली.

“डॉक्टर आले नाहीत?” त्यांनी विचारलं.

“कुलपात आहेत,” मी म्हटलं.

सिस्टरांनी माझा हात घट्ट धरला आणि मामांच्या गाडीपर्यंत सोडला नाही. मला रडू फुटलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चरित्रात पुढे लिहिलंय, की त्या वर्षाअखेर साहेबांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा दिला. खुर्ची इस्त्रीसाहेबांना मिळाली, आणि ती त्यांनी चोरली नव्हती. वैयक्तिक कारण म्हणजे काय ते महिन्याभराने टपालाने माझ्या घरी आलं. पाकिटावर अक्षर साहेबांचं होतं. पत्रिका त्यांनी दोन प्रकारच्या छापल्या होत्या, एक त्यांच्याकडची आणि एक तिच्याकडची. मी साहेबांची माणूस, तेव्हा मला त्यांच्याकडची यायला हवी होती. पाकीट उघडलं तर आत तिच्याकडची निघाली. तिचं नाव आधी, साहेबांचं मागून.

ही चूक होती की मुद्दाम, हे मी विचारलं नाही. पत्रिकेवर तारीख टाकली आणि फाइलला लावून ठेवली.